केसाच्या मुळाबद्दल लिहिता, तर त्याच्या भोवतीच्या मातीबद्दल पण लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत केसगळतीवर पानभर मजकूर आला होता. वाचायला चांगला होता, तेल, आहार, ताण, झोप सगळं होतं त्यात. पण सगळं पान एकच गोष्ट धरून होतं की केसाचं मूळ म्हणजे बी आणि बीला खुराक दिला की केस उगवतो, आणि त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात कोलॅजन पावडर आणि "स्टेम सेल सीरम"ची जाहिरात. लिहावं की नाही असा दोन दिवस विचार केला, शेवटी बसलीच लिहायला, कारण ह्या बीच्या कल्पनेपायी आमच्या घरच्या एका पोरीचे आठ महिने गेले आणि तिच्या आईने बचत गटातून उचललेले पैसेही गेले.

मी इथल्याच एका कॉलेजच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात त्या लॅबमध्ये, ३१ वर्षं टेक्निशियन होती. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगते. फॉर्मॅलिनमधून कातडीचा तुकडा काढायचा, प्रोसेस करून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, ४-५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे सेक्शन कापायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि रंगवायचे, हे माझं काम. मे महिन्यात नागपुरात मेण मऊ पडायचं तर ब्लॉक बर्फावर ठेवून ठेवून कापावे लागायचे. रोजचा रंग म्हणजे हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, त्यात पेशींचे केंद्रक निळे आणि बाकी सगळं गुलाबी, त्यामुळे बघणाऱ्याची नजर पेशींवरच जाते आणि मधला गुलाबी भाग म्हणजे नुसती भरती वाटते. मला पण पहिली काही वर्षं तसंच वाटायचं. मग आमच्या लॅबच्या मॅडम कधी पीएएस मागायच्या, कधी अल्शियन ब्लू, हे पेशींच्या मधलं दाखवणारे वेगळे रंग, आणि तेव्हा कळायला लागलं की पेशींच्या मधे जे आहे ते रिकामं नाहीच.

माझ्या लहान भावाची मुलगी आता १९ वर्षांची आहे. चार वर्षांची असताना अंघोळीच्या कढत पाण्याचा गंज तिच्या डोक्यावरून उलटला. उजव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा आहे, गुळगुळीत, चकचकीत, एकही केस नाही. नागपुरात उन्हापायी सगळ्याच पोरी गाडीवर स्कार्फ बांधतात म्हणून रस्त्यावर निभावून जातं, पण वर्गात स्कार्फ काढावा लागतो आणि ती मागच्या बाकावर भिंतीकडची बाजू धरून बसते, हे तिने मला एकदाच सांगितलं, परत नाही बोलली. मागच्या वर्षी एका क्लिनिकमध्ये तिला सांगितलं की मुळं झोपलेली आहेत, सीरमने जागी होतील. आठ महिने दर पंधरा दिवसांनी गेली. शेवटी वहिनीने मला विचारलं, "ताई, एवढं लावलं जी, काहून येऊन नाही राहिले केस?" आणि वर क्लिनिकवाल्यांनी तिलाच ऐकवलं होतं की पथ्य नीट पाळलं नसेल.

मी तिला माझ्या परीने सांगितलं, तेच इथे लिहिते, कारण असं विचारणारी माझी वहिनी एकटी नाही.

आपल्या कातडीच्या आतल्या थराला डर्मिस म्हणतात. त्यात पेशी कमी आणि पेशींच्या बाहेरचं जाळंच जास्त. वाळवून वजन केलं तर साधारण ७० टक्के नुसतं कोलॅजन भरतं. ह्या सगळ्या जाळ्याला एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात, मी पुढे जाळंच म्हणते, कारण केसाच्या कंदातल्या भरभर वाढणाऱ्या पेशींनाही मॅट्रिक्सच म्हणतात आणि त्यात विद्यार्थी लोकांचा नेहमी घोळ व्हायचा. जाळ्यात कोलॅजनचे दोर आहेत, इलॅस्टिनचे रबरासारखे धागे आहेत, हायल्युरॉनिक ॲसिड आणि प्रोटिओग्लायकनसारखं पाणी धरून ठेवणारं जेल आहे, आणि जिथे वरची कातडी किंवा केसाची नळी, म्हणजे ज्यात केस उगवतो ती, ह्या डर्मिसला टेकते तिथे एक बारीक पडदा आहे, बेसमेंट मेम्ब्रेन, तो लॅमिनिन आणि चार नंबरच्या कोलॅजनचा विणलेला असतो. पेशीच्या अंगावर इंटिग्रिन नावाचे आकडे असतात, त्या आकड्यांनी पेशी जाळ्याला धरते. आणि नुसती धरत नाही तर त्याच आकड्यांतून तिला कळतं की भोवतालचं ताठ आहे की मऊ, जागा ऐसपैस आहे की चिंचोळी, कोणतं प्रोटीन पायाखाली आहे, आणि त्यावरून ती ठरवते की वाढायचं, थांबायचं, का पिकून कातडी होऊन गळून जायचं. फियोना वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी चिकट पदार्थाच्या छोट्या-मोठ्या ठिपक्यांवर वाढवल्या होत्या. मोठ्या ठिपक्यावर पेशी पसरली आणि विभागत राहिली, छोट्या ठिपक्यावर गोल राहिली आणि पिकायला लागली. पेशी तीच, वरून दिलेला खुराकही तोच, फरक फक्त पाय ठेवायच्या जागेचा.

आपल्या विदर्भात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही खरं तर. एकाच थैलीतलं सरकीचं बी काळ्या मातीत टाकलं आणि बरड जमिनीत टाकलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त एक फरक आहे आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, की शेतात बी माती बनवत नाही, कातडीत मात्र पेशी स्वतःचं जाळं स्वतःच विणतात आणि मग तेच जाळं त्या पेशींना वागायला लावतं.

केसाच्या नळीत हे किती बारकाईने चालतं ते बघा. नळीच्या वरच्या भागाजवळ, जिथे छोटा स्नायू येऊन चिकटतो, तिथे थोडा फुगवटा असतो, बल्ज म्हणतात त्याला. नव्या केसासाठी लागणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, तिथे राहतात, हे १९९० मध्ये कोट्सारेलिस, सन आणि लावकर यांनी दाखवलं. थंडीत अंगावर काटा येतो तेव्हा हाच स्नायू केस ओढून उभा करतो. आता हा स्नायू नेमका तिथेच येऊन कसा चिकटतो? २०११ मध्ये फुजिवारा आणि वॉट यांच्या गटाला उंदरांत दिसलं की बल्जमधल्या मूळ पेशीच आपल्या पडद्यात नेफ्रोनेक्टिन नावाचं प्रोटीन सोडतात, आणि त्यामुळे तिथे स्नायूच्या पेशी तयार होऊन चिकटतात. ज्या उंदरांत हे प्रोटीन नव्हतं त्यांच्यात स्नायू कमी झाले आणि जे राहिले ते बल्ज सोडून वर चिकटले. म्हणजे शेजारी कोण येऊन राहील हे सुद्धा पेशी आपल्या अंगणातल्या मातीतूनच सांगते.

नळीच्या अगदी तळाशी कांद्यासारखा कंद असतो आणि त्याच्या पोटात शिरलेली डर्मल पॅपिला, डर्मिसच्या पेशींचा छोटा गोळा. केस किती जाड होणार हे बरंचसं ह्या गोळ्याच्या आकारावर ठरतं. ती पॅपिला मी शेकडो वेळा रंगवली आहे. केस वाढीला लागलेला असला, म्हणजे ॲनाजेन, तर पॅपिलाच्या पेशी एकमेकींपासून सुट्या आणि मधे भरपूर जेल, अल्शियन ब्लूने सुरेख निळं उठायचं. केस विश्रांतीत गेलेला असला, टेलोजेन, तर तीच पॅपिला आवळून बारीक गोळी झालेली आणि निळं जवळपास नाहीच. मधल्या काळात, केस मागे सरकत असताना, नळीभोवतीचा काचेसारखा पडदा जाड होऊन त्याला चुण्या पडतात, पीएएसमध्ये तो इतका ठसठशीत दिसायचा की नवीन विद्यार्थी पण ओळखायचे. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, दोन-तीन आठवडे मागे सरकतो, साधारण तीन महिने थांबतो, आणि प्रत्येक फेरीत हे जाळं नव्याने विणलं आणि उसवलं जातं. रोज ५० ते १०० केस गळणं ह्याच फेऱ्यातलं असतं, त्याने घाबरून जायचं कारण नाही, हे तरी तुमच्या पानात यायला हवं होतं.

म्हातारपणी केस विरळ होतात त्यातही जाळ्याचा हात आहे. जपानच्या एमी निशिमुरा यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांवर काम करून सांगितलं की बल्जमधल्या मूळ पेशी सतरा नंबरच्या कोलॅजनने पडद्याला धरून असतात. वय झालं, पेशीतल्या डीएनएला इजा झाली की हे कोलॅजन तुटतं, पेशीची पकड सुटते आणि ती वर सरकून साध्या कातडीची पेशी होते आणि इतर कातडीसारखी गळून जाते. पेशी मेली नव्हती, तिचा ठाव सुटला. हे वाचलं तेव्हा मी निवृत्त झालेली होती आणि इतक्या वर्षांत हातून गेलेल्या म्हाताऱ्या लोकांच्या टाळूच्या स्लाइड डोळ्यांसमोर आल्या, बारीक बारीक होत गेलेल्या नळ्या. आम्ही रिपोर्टमध्ये एक शब्द लिहून मोकळे व्हायचो.

आता "स्टेम सेल"च्या दाव्याबद्दल. पॅपिलाच्या पेशींत खरंच ताकद आहे, हे खोटं नाही. जहोडा आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये उंदराच्या मोठ्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, मिशीच्या पॅपिलाच्या पेशी लॅबच्या डिशमध्ये वाढवून, बुड कापलेल्या नळीत घातल्या आणि केस परत आला. पण माणसाच्या पेशी सपाट डिशमध्ये वाढवल्या की त्या ही ताकद हरवून बसतात. वर्षानुवर्षं तिथेच अडलं होतं. २०१३ मध्ये हिगिन्स, जहोडा आणि क्रिस्टियानो यांनी काय केलं तर पेशी थेंबात घेऊन डिश उलटी करून थेंब लटकवले. थेंबात पेशींना सपाट पसरायला जागा नाही, त्या गोळा झाल्या, एकमेकींना धरलं, मधे स्वतःचं जाळं सोडलं, आणि हरवलेलं काही अंशी परत आलं. सात जणांच्या पेशींपैकी पाच जणांच्या पेशींनी माणसाच्या बिनकेसाच्या कातडीत नव्या नळ्या उठवल्या, ती कातडी उंदराच्या पाठीवर लावलेली होती. औषध वेगळं नव्हतं, पेशींना आपला आकार आणि आपलं जाळं परत मिळालं एवढंच. आणि हे करणाऱ्या लोकांनी सुद्धा अजून माणसाच्या डोक्यावर केस उगवून दाखवले असं म्हटलेलं नाही. मग बाटलीतल्या सीरमवाले कशाच्या जोरावर म्हणतात?

आमच्या पोरीच्या डोक्यावर काय झालं ते आता सांगता येतं. खोल भाजलं की नळी पूर्ण जाते, बल्जही जातो, पॅपिलाही जाते. माणसाच्या सगळ्या केसांच्या नळ्या जन्माआधीच तयार होतात, डोक्यावर साधारण एक लाख, नंतर आपल्या शरीरात नवीन बनत नाहीत. जखम भरताना शरीर घाईने कोलॅजन टाकतं, चांगल्या कातडीत ते टोपलीच्या विणीसारखं चारी दिशांनी असतं, वणात मात्र एका दिशेने ताणलेले जाड समांतर पट्टे, आणि ते ताठ असतात. मी अशा वणाचे सेक्शन कापले आहेत, पातं बदलायला लागायचं. तिथे झोपलेलं मूळ नाहीच, जागं कोणाला करणार? तिचं पथ्य चुकलं नव्हतं, संपादक साहेब. चार वर्षांच्या वयापासून तिला कोणी ना कोणी काहीतरी लावायला सांगितलं आणि केस आले नाहीत की चूक तिचीच.

संशोधन थांबलेलं नाही, ते पण लिहायला पाहिजे म्हणजे लोकांना नुसती निराशा नको. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की जखमेवरचा ताण ज्या रस्त्याने पेशीला कळतो तो रस्ता व्हर्टेपॉर्फिन ह्या औषधाने अडवला, हे डोळ्याच्या आजारात वापरतात ते औषध, तर उंदराची जखम वण न पडता भरते आणि तिथे केसाच्या नळ्याही परत येतात. उंदराची. ताजी जखम. पंधरा वर्षांच्या जुन्या वणाशी त्याचा आज तरी संबंध लावता येत नाही, आणि कोणी लावून पैसे मागत असेल तर तुमच्या पेपरने सावध करावं.

आज जे खरंच होतं ते म्हणजे शस्त्रक्रिया. जवळच्या केसाळ कातडीला आतून फुगा घालून हळूहळू वाढवायचं आणि ती वणावर ओढून घ्यायची, किंवा मागच्या बाजूचे केस नळीसकट काढून लावायचे. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं की मागून काढलेला केस नव्या जागीही आपला जुना स्वभाव ठेवतो. काही जण म्हणतील की मग जागेचा काही संबंध नाही. पण नळी काढतात ती एकटी थोडीच येते, तिची पॅपिला, तिचा पडदा, भोवतीचं जाळं सगळं सोबत येतं, नर्सरीतून रोप मातीच्या गोळ्यासकट आणावं तसं. नुसती मुळी धुऊन आणली असती तर बघितलं असतं. वणात रक्तपुरवठा कमी असल्यामुळे तिथे लावलेले सगळेच केस धरतात असं नाही, म्हणून प्लास्टिक सर्जनला दाखवूनच ठरवायचं. आम्ही आता दाखवलं आहे.

कोलॅजन पावडरचं पण सांगते. कोलॅजनच्या रेणूची तीन दोरांची वीण मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मांडली, शेजारच्या चामड्याच्या संशोधन संस्थेतून आणलेल्या कांगारूच्या शेपटीच्या स्नायुबंधावर क्ष-किरण टाकून. आपल्याच देशात झालेलं हे काम पुरवणीत कोलॅजनबद्दल पानभर लिहूनही आलं नाही, ह्याचं मला वाईट वाटलं. तो रेणू इतका मोठा आहे की क्रीममधून कातडीच्या आत जाऊ शकत नाही. आणि खाल्ला तर पोटात तुटतो, अमिनो ॲसिड आणि छोटे तुकडे होतात, ते शरीर जिथे हवं तिथे वापरतं, केसाच्या नळीचा पत्ता त्यावर लिहिलेला नसतो.

उलट एक गोष्ट आपल्या कळमन्याच्या बाजारात ढिगाने मिळते. कोलॅजनची ती तिहेरी वीण शरीराच्या तापमानाला टिकायची असेल तर त्यातल्या प्रोलिन नावाच्या अमिनो ॲसिडवर एक छोटा बदल व्हावा लागतो आणि त्याला व्हिटॅमिन सी लागतं. ते मिळालं नाही की वीण सैल पडते. स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणारा आजार, झालेल्या माणसाच्या अंगावर केसाच्या नळ्यांभोवती बारीक रक्ताचे ठिपके येतात आणि केस स्क्रूसारखे पिळलेले उगवतात, हे पुस्तकात चित्रासकट आहे. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन बघितली होती ती ह्याच आजारात. पण ज्याच्या ताटात रोज लिंबू, आवळा, संत्रं काहीतरी आहे त्याने अजून दहा संत्री खाल्ली म्हणून केस दाट होत नाहीत, आणि वणावर तर नाहीच, हे पण सोबतच लिहायचं.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या कोणत्याही रविवारी अर्धं पान द्या. त्यात वणावर केस का येत नाही हे साध्या मराठीत, चांगल्या कातडीचा आणि वणाचा स्लाइडचा फोटो शेजारी शेजारी, आणि भाजलेल्या मुलांच्या आईवडिलांनी कोणत्या विभागात जायचं ते, म्हणजे प्लास्टिक सर्जरी. कॉलेजच्या लोकांना विचारलंत तर फोटो नक्की देतील. आणि "मुळं जागी करतो" अशी जाहिरात आली तर छापायच्या आधी एकदा विचारा की कोणती मुळं. मजकूर लिहायला माणूस मिळाला नाही तर मी लिहून देईन, पैसे नको, फक्त एखाद्या स्किनच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

हे पत्र पाठवायच्या आधी मी पोरीला वाचून दाखवलं, तिचं नाव न घालता छापायला तिची हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
नागपूर